हालस ना?

पिठाच्या डब्याचं झाकण ओढताना
बोट अडकलं, आणि आत कुठेतरी
उडदाचा पापड मोडावा
तसा आवाज झाला. एवढंच.
रक्त नाही. काळंनिळंही फारसं नाही.
करंगळीशेजारच्या बोटाचं शेवटचं पेर
मान खाली घालून बसलं,
उत्तर न आलेल्या पोरासारखं.

भटाबाई भिंतीपलीकडून आली,
बोट उजेडात धरून म्हणाली,
"हालस ना? मंग मोडेल नही."
आमच्या अख्ख्या गल्लीचं वैद्यक
या एका वाक्यावर चालतं.
मी हलवून दाखवलं.
मधलं पेर हललं. टोकाचं नाही.
टोक मी मुठीत झाकून घेतलं.

हळद झाली, चुना झाला.
हिलालने फोनमध्ये बघून बर्फ सांगितला.
पारोळ्यात एप्रिलच्या दुपारी बर्फ
फक्त रसवंतीवाल्याकडे.
त्याने दहा रुपये घेतले आणि विचारलं,
"पाहुणे आले का?"

रात्री पोरांच्या जुन्या वहीत हिशेब मांडला.
हाडांचा डॉक्टर, पाचशे. फोटो, चारशे.
धुळ्याची एसटी, मला अर्धं तिकीट.
तेवढंच काय ते स्वस्त.
समोरच्या पानावर आखाजीची ऑर्डर:
अकरा घरं, एकशे चाळीस मांडे,
तीन घरांचे पैसे आधीच आलेले
आणि गॅसमध्ये गेलेले.
सूज उतरली की बघू, असं लिहिलं नाही,
पण वही मिटली ती तसंच म्हणून.

सूज उतरली.
टोक वर आलं नाही.
दुसऱ्या हाताने सरळ करावं, सरळ होई,
सोडलं की परत खाली.
दुखतही नव्हतं धड.
दुखलं असतं तर बरं झालं असतं,
दुखण्याला निदान सांगता तरी येतं.

आखाजीच्या आदल्या दिवशी खापर तापवलं.
मांडा पोळपाटावर होत नाही,
तो हातांवर वाढतो.
बोटांच्या पाठीवरून मनगटावर, मनगटावरून कोपराकडे,
इतका पातळ की आतलं पुरण दिसावं.
बोटांनी फक्त सरळ राहायचं असतं.
पहिला फाटला.
नेमका तिथेच, जिथे सपाटीवर
हरभऱ्याएवढा एक कोपरा उभा होता.
दुसरा फाटला. पुरण चुलीत पडलं,
घरभर जळक्या गुळाचा वास.
तिसरा हातावर घेतला
आणि आई आठवली.

तिचंही एक बोट असंच होतं. उजवं, मधलं.
आम्हा बहिणींना वाटायचं,
मांडे करणाऱ्या बाईचं बोट असंच असतं.
आम्ही आपापली बोटं वाकवून बघायचो,
लवकर मोठं होण्यासाठी.
कधी झालं, कशानं झालं,
कुणी विचारलं नाही. मीही नाही.
तिच्याही भिंतीपलीकडे
असेलच एखादी भटाबाई.

खापर उतरवलं नाही. हाक मारली,
"ये वं, तू टाक आता."
तिचे मांडे जाड होतात.
होऊ देत. अकरा घरं एक वर्ष जाड खातील.
निंबाच्या झोक्यावर पोरी गात होत्या,
मी पदराखाली हात धरून
त्यांच्या खालून निघाले,
धुळ्याला नाही, इथल्याच सरकारी दवाखान्यात.

खिडकीतल्या पोराने केसपेपर ओढला.
"कोणतं बोट?"
शाळेत शिकवलेलं नाव ओठावर आलं, अनामिका,
म्हणजे जिला नाव नाही ती.
पण सांगितलं, "करंगळीशेजारचं."
"कधी लागलं?"
"काल," असं जवळजवळ म्हणालेच होते.
मग हात खिडकीच्या आत ठेवला.
चार बोटं त्याच्याकडे बघत होती,
एक त्याच्या कागदाकडे.
"आठ दिवस झाले."
तो लिहीत राहिला, वर न बघता म्हणाला,
"हलतंय ना?"

"टोक नाही हलत," मी म्हटलं.
आठ दिवसांत पहिल्यांदा.